मेबलच्या जागी आठ दिवस

जेनेट टायसनचा मला पहिल्या दिवसापासून राग यायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्याविषयी चार बरे शब्द लिहिले तर मार्जरी क्रॅग म्हातारपणी हळवी झाली असं कुणी म्हणायला नको. दर शनिवारी मी तुरुंगाच्या देवडीची फरशी घासून लख्ख करायची आणि दर शनिवारी ही बाई खाडीचं खारं पाणी निथळत त्याच फरशीवर येऊन उभी राहायची. कंबरेला खोचलेला घागरा, गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीवर वेताची पाटी आणि दोन्ही हातांत सुया. चालता चालता मोजे विणायची. आमच्याकडच्या सगळ्याच बायका विणतात, पण भरती यायच्या आत पलीकडे पोचायचं म्हणून दहा मैल ओली वाळू तुडवत असतानाही विणणारी ही एकटीच.

"पाय पूस," मी म्हणायची.

"पुसून काय होणार, बाई? जातानाही हेच पाय न्यायचेत," ती म्हणायची.

शिंपल्या गोळा करणं हा तिचा धंदा. खाडीपलीकडच्या तिच्या गावात निम्म्या बायका तेच करतात. ओहोटी लागली की वाळूवर जायचं, फळी डुलवून शिंपल्या वर आणायच्या, तीन दातांच्या काट्याने उचलायच्या आणि शनिवारी आमच्या बाजारात आणून विकायच्या. बाजार आटोपला की बाकीच्या बायका घरची वाट धरायच्या. जेनेट मात्र टेकडी चढून किल्ल्यावर यायची, कारण किल्ल्यातल्या तुरुंगात मेबल रिग होती.

ही गोष्ट इंग्लंडात दुसरा चार्ल्स राजा परत गादीवर आला त्यानंतरची. माझा नवरा रोलंड तेव्हा तुरुंगाचा रखवालदार होता आणि देवडीला लागूनच आमच्या दोन खोल्या होत्या. त्या वर्षांत तुरुंग भरला तो चोरांनी नव्हे, क्वेकर लोकांनी. ते स्वतःला नुसतं 'मित्र' म्हणवत. मी तेव्हा म्हणायची, यापेक्षा चोर परवडले. चोराला निदान लाज असते. हे लोक न्यायाधीशापुढे डोक्यावरची टोपी काढत नसत आणि लहानथोर सगळ्यांना 'तू' म्हणत. न्यायाधीशाला तू, मला तू, रोलंडला तू, आमच्या कुत्र्यालाही तू. देवापुढे सगळे सारखे, असं त्यांचं म्हणणं. पण सगळ्यात मोठा हट्ट शपथेचा. ख्रिस्ताने शपथा घेऊ नका असं सांगितलंय, खऱ्या माणसाला साधं हो आणि नाही पुरतं, झालं! कायदा म्हणत होता, बायबलवर हात ठेवून राजाशी इमानाची शपथ घ्या आणि घरी जा. हे म्हणत, इमानाने राहू, शपथ घेणार नाही. मग बसा आत.

मेबल विणकराची विधवा. उंच, काटकुळी आणि बोलायला मोजकी. रविवारी तिच्या कोठारात चाळीस मित्र जमत. ना पाद्री, ना गाणं, दोन दोन तास नुसते गप्प बसून देवाची वाट बघत. गप्प बसल्याबद्दल माणसाला तुरुंगात घालतात हे मी त्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. मला स्वतःला त्या कायद्याची कधी भीती वाटली नाही.

आता जेनेट त्यांच्यातली असती तर मला काही विशेष वाटलं नसतं. पण ती त्यांच्यातली नव्हतीच. ती गावच्या चर्चमध्ये जाणारी, घंटा वाजली की पळत सुटणारी, नाताळात पेले भरभरून बिअर पिऊन गाणारी. तिसऱ्या बाकावर खांबाला टेकून तिची जागा ठरलेली होती. मेबलच्या पंथाची ती मेबलच्या तोंडावर टिंगल करायची. जाळीच्या अलीकडे ही, पलीकडे ती, आणि दर शनिवारी तेच भांडण.

"एक वाक्य म्हणायचं आणि पुस्तकाला ओठ लावायचे. एवढ्याने काय झिजतेस का गं तू? मी आज बाजारात सकाळपासून तीन शपथा घेतल्या, की शिंपल्या आजच्याच आहेत."

"होत्या का आजच्या?"

"कालच्या होत्या."

"म्हणूनच तुला तीन घ्याव्या लागल्या," मेबल म्हणायची.

"मरशील इथे एक दिवस."

"मरेन तेव्हा मरेन. भाकरी आणलीस का?"

"आणली. मरणाऱ्या बाईला भाकरी कशाला लागते देव जाणे." असं म्हणत ती जाळीतून ओटच्या भाकऱ्या एकेक आत सरकवायची. हातावर थापलेल्या, पातळ, खडखडीत, महिनाभर टिकणाऱ्या. त्यांच्याबरोबर चीज, उकडलेल्या शिंपल्या आणि त्या आठवड्यात विणलेले मोजे. मेबल ते मोजे उसवून पुन्हा जास्त घट्ट विणायची आणि पुढच्या शनिवारी परत द्यायची. त्यावरून पुन्हा भांडण.

मी एकदा जेनेटला विचारलं, "तिने तुला कधी बुडताना वाचवलं होतं का? एवढे उपकार कसले फेडतेस?"

"छे हो. मीच तिला वाचवलं. आम्ही तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या. ती रुतणाऱ्या वाळूत कमरेपर्यंत गेली होती. ओरडलीसुद्धा नाही, म्हणे तू कामात होतीस." जेनेट हसली. "आपण कुणाला वाचवलं की ते माणूस आपल्या गळ्यात पडतं बघा, बाई. नंतर सोडता येत नाही."

असे तीन हिवाळे गेले. तिसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये, फिरतीवरचा न्यायाधीश यायला नऊ दिवस राहिले असताना, जेनेट आली ती विणत नव्हती. ती सरळ जाळीपाशी गेली आणि म्हणाली, "मेबल, तुझा बाप चालला. डोळे गेलेच होते, आता खाणंही सुटलं. चार दिवस काढेल, फार तर पाच. सारखा तुझं नाव घेतोय. दार वाजलं की म्हणतो, आली का?"

मेबलने जाळी धरली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

जेनेट रोलंडकडे वळली. "रोलंडदादा, हिला आठ दिवस सोडा."

"वेड लागलं का तुला? माझ्या यादीत बायका सात. सात डोकी दाखवावी लागतात."

"सात डोकी ना? मग हे माझं घ्या आणि ते एक द्या. मोजणारे डोकी मोजतात, तोंडं कोण बघतं?"

ही अक्कल तिची नव्हती. त्या मित्रमंडळींची ती रीतच होती. कुणी तुरुंगात आजारी पडलं की बाहेरचा धडधाकट मित्र येऊन म्हणायचा, याला सोडा आणि याच्या जागी मला ठेवा. वरच्या लोकांकडे ते तसे अर्ज करत आणि अर्ज केराच्या टोपलीत जात. हे ऐकून जेनेट पूर्वी पोट धरून हसली होती. म्हणाली होती, शहाणी माणसं तुरुंगातून पळायला बघतात आणि हे आत शिरायला भांडतात.

रोलंड मनाने वाईट नव्हता. शिवाय आदल्या वर्षी त्याने एका क्वेकर चांभाराला तीस मैलांवरच्या दुसऱ्या तुरुंगात पाठवायचं होतं आणि बरोबर द्यायला माणूस नव्हता. त्याने नुसतीच चिठ्ठी देऊन त्याला सोडलं, तर तो पठ्ठ्या आपल्या पायांनी तिथे गेला आणि दार उघडेपर्यंत ठोठावत बसला. तेव्हापासून रोलंडचा त्यांच्या शब्दावर भरवसा. पण हे कळलं तर नोकरी जाणार, आणि नुसती नोकरीच नव्हे, त्याच तुरुंगात तो आतल्या बाजूला जाणार, हे त्याला आणि मलाही पक्कं माहीत होतं. मी नको म्हटलं. तीनदा म्हटलं.

"शनिवारी परत येशील?" त्याने मेबलला विचारलं.

"येईन," ती म्हणाली. तेवढंच.

मग तिने जेनेटचे दोन्ही हात धरले. "तू माझी जागा घे. पण माझ्या नावावर खोटं बोलू नकोस हं."

"मी तोंडच उघडणार नाही."

"तू?" मेबल म्हणाली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं.

दोघींनी कपडे बदलले. मेबलचा करडा झगा जेनेटला कुठे बसतोय! शिवणीतून फाटतो की काय अशी अवस्था. पाटी पाठीला लावून मेबल निघाली तेव्हा जेनेट आतून ओरडत होती, "वाटेच्या खुणेला वाळूत रोवलेल्या फांद्यांच्या उजवीकडूनच जा! मधल्या ओढ्याने परवा जागा बदलली आहे! आणि परत येताना धुकं असलं तर थांब, शहाणपणा करू नकोस!" थांब म्हणाली, पण थांबली तर हिचं काय होणार ते बोलली नाही.

पहिले तीन दिवस बरे गेले. जेनेटने आतल्या सहा क्वेकर बायकांना हसवून हसवून बेजार केलं. त्या बिचाऱ्या डोळे मिटून गप्प बसायच्या आणि ही मध्येच विचारायची, "आला का देव? येताना दिसला तर मलाही सांगा." त्या रागावत नसत. एक म्हातारी तर तिला म्हणाली, "तो केव्हाचाच आलाय, तुझी बडबड थांबायची वाट बघतोय."

मंगळवारी सकाळी गावातून निरोप आला. मॅजिस्ट्रेट तासाभरात येतोय. तुरुंगात तापाची साथ होती आणि न्यायाधीश यायच्या आत गर्दी कमी करायची होती. जे शपथ घेतील त्यांना आजच्या आज सोडणार, मागचं सगळं माफ. रोलंडचं तोंड पांढरं पडलं. माझ्या डोक्यात मात्र उजेड पडला. मी धावत आत गेले आणि जेनेटला कोपऱ्यात ओढलं.

"ऐक. तो मॅजिस्ट्रेट नवा आहे, मेबलचं तोंड त्याने पाहिलेलं नाही. तो नाव पुकारेल, तू पुढे हो आणि शपथ घे. तुला कुठे शपथेचं वावडं आहे! यादीत मेबल रिगच्या नावापुढे खूण झाली की झालं. शनिवारी ती आली की दारातूनच परत पाठवू. जा म्हणावं घरी, सुटलीस. तिचा नेम मोडला नाही, तुझं काही गेलं नाही, रोलंडची मान सुटली. एका वाक्याचं काम आहे, जेनेट!"

जेनेटच्या हातातल्या सुया थांबल्या. तो शनिवार सोडला तर इतक्या वर्षांत बोलताना तिच्या सुया थांबलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"सुटेल ती? कायमची?"

"कायमची. शनिवारपासून तुला हा डोंगर चढायला नको."

तिचे डोळे भरून आले. "तिच्या छातीत कफ झालाय, बाई. पुढचा हिवाळा काही ती काढत नाही इथे." मग ती गवताच्या पेंढीकडे बघत राहिली, जिच्यावर मेबल तीन वर्षं झोपत होती. ती हो म्हणाली नाही. पण मी तो हो धरूनच चालले.

मॅजिस्ट्रेट आला. बरोबर कारकून, कारकुनाच्या हातात यादी आणि बायबल. मी आणि रोलंड त्याच्या मागे उभे होतो. एकेक नाव पुकारलं गेलं आणि एकेक बाई पुढे होऊन नाही म्हणाली. म्हातारी तर म्हणाली, "तुला एवढ्या थंडीत यावं लागलं, वाईट वाटतं मला. पण मी शपथ घेत नाही."

"मेबल रिग!"

जेनेट पुढे झाली. कारकुनाने बायबल तिच्यापुढे धरलं. मी मॅजिस्ट्रेटच्या खांद्यावरून डोळे मोठे करून तिला खुणावत होते, ठेव हात, ठेव! तिने हात उचललासुद्धा. मग तो हात तिने पुन्हा पोटाशी घेतला.

"मेबल रिग शपथ घेत नाही," ती म्हणाली.

"हे काय बोलणं? घेत नाहीस म्हण."

"राजाशी तिचं काही वैर नाही. राजाचं भलं व्हावं म्हणून ती रोज प्रार्थना करते, मी कानांनी ऐकलंय. पण शपथ ती घेत नाही. कधीच घेतली नाही."

कारकून फिस्सकन हसला. "महाराज, हे लोक बोलतातच असं तिरपागडं. सरळ बोलले तर क्वेकर कसले!"

मॅजिस्ट्रेट थट्टा सहन करणाऱ्यातला नव्हता. आपलीच टर उडवतेय असं त्याला वाटलं. "रिग बाईला खालच्या कोठडीत टाका," तो रोलंडला म्हणाला. "न्यायाधीश येईपर्यंत तिथेच राहू दे. तोवर सरळ बोलायला शिकेल."

खालची कोठडी म्हणजे पायऱ्या उतरून जमिनीखाली. मार्चच्या पावसात तिथे घोटाभर पाणी असायचं. बसायला एक दगड. झोपायचं तर त्याच दगडावर, पाय पोटाशी घेऊन.

संध्याकाळी मी सूप आणि घोंगडी घेऊन खाली गेले ती भांडायलाच. "मूर्ख बाई! हातातोंडाशी आलेला घास! तुझी मैत्रीण मेली ना इथे, तर तुझ्यामुळे मेली असं मी भर बाजारात सांगेन!"

"सांगा," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "मी हात उचलला होता, बाई. तुम्ही बघितलात. मग मनात आलं, शनिवारी ती येईल आणि तुम्ही दारात सांगाल, जा, शपथ झाली. काय करेल ती?"

"जाईल घरी. दुसरं काय?"

"जाणार नाही. ती सरळ न्यायाधीशापुढे उभी राहील आणि म्हणेल, ती शपथ माझी नव्हे. मग दादा आत, मी आत, आणि ती पुन्हा आहे तिथेच. तुम्ही तिला ओळखत नाही."

हे खरं होतं. मला ते सुचायला हवं होतं, सुचलं नव्हतं. पण मी हार मानणाऱ्यातली नाही. "आणि तिला कळलंच नसतं तर? आपण कुणी सांगितलंच नसतं तर?"

जेनेटने सुपाची वाटी दोन्ही हातांत धरली. "तरी नाही. तीन वर्षं ती ज्याच्यासाठी त्या गवतावर झोपली, ते मी एका वाक्यात खर्चून टाकायचं? मला ते खुळचट वाटतं, आजही वाटतं. पण ते माझं नाही ना, बाई. तिचं आहे. मी नुसती सांभाळायला बसलेय."

मी वर आले. रोलंडने विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, सूप अळणी झालंय म्हणाली. त्या घटकेला मला कुणाशीच बोलायचं नव्हतं.

शनिवार उजाडला तोच धुक्यात. किल्ल्याच्या तटावरून एरवी खाडी दिसते. त्या दिवशी खालचा बाजारसुद्धा दिसत नव्हता. ओहोटी दुपारी होती. वाळूवरून येणारी माणसं तीनपर्यंत येतात, चारनंतर भरती घोड्यासारखी धावत येते आणि मग त्या वाटेवर कुणी नसतं, असलं तर उरत नाही. तीन वाजले, साडेतीन वाजले. शिंपल्यांच्या बायकांपैकी एकही आली नव्हती. धुक्यात त्या निघत नाहीत. रोलंड देवडीत येरझाऱ्या घालत होता. "गेलो आपण, मार्जरी. सोमवारी न्यायाधीश येणार, मी काय दाखवू?" मी खाली जाऊन जेनेटला सांगितलं, धुकं आहे. ती एवढंच म्हणाली, "मग थांबली असेल. मी तसं सांगितलंय." आणि जरा वेळाने, "थांबली असेल ना हो?" तिला स्वतःची काळजी नव्हती. धुक्यात मेबल निघाली असेल याचीच भीती होती.

साडेचारला देवडीच्या दारावर थाप पडली. मेबल. छातीपर्यंत ओली, ओठ निळे, पायात एकच बूट, आणि पाठीवर जेनेटची पाटी.

"मला जरा उशीर झाला," ती म्हणाली. "ओढा सापडत नव्हता."

"बाप?" मी विचारलं.

"गुरुवारी गेला. माझा हात हातात होता." मग तिने इकडेतिकडे पाहिलं. "जेनेट कुठे आहे?"

रोलंडने खाली मान घालून सगळं सांगितलं. मेबलने ते उभ्याने ऐकलं. मग म्हणाली, "कोठडीचा हुकूम कुणाच्या नावावर आहे?"

"तुझ्या. पण मी तुला वरच ठेवतो, आता कोण बघायला येतंय..."

"मग कोठडी माझी आहे. चल, दार उघड."

पायऱ्या इतक्या अरुंद की एका वेळी एकच माणूस जाईल. जेनेट भिंतीला धरून वर येत होती. तिचे गुडघे सुजून भोपळे झाले होते. मेबल वरच्या पायरीवर थांबली होती. जेनेटने वर पाहिलं आणि पहिलं वाक्य काय, तर, "धुक्यात थांब म्हटलं होतं ना तुला? अक्कल आहे का?"

"तू तोंड उघडणार नव्हतीस," मेबल म्हणाली.

"एकदाच उघडलं."

"ऐकलं मी." मेबल दोन पायऱ्या उतरली आणि तिने जेनेटचं डोकं आपल्या ओल्या छातीशी धरलं. "तू हो म्हणाली असतीस तर मी आज दारातूनच घरी जाऊ शकले असते, जेनेट. गेले तीन तास पाण्यात चालताना मला परत यायचं नव्हतं. एक पाऊलही पुढे टाकायचं नव्हतं."

"माहितीये."

"आणि तरी तू माझ्यासाठी नाही म्हणालीस."

"रडू नकोस गं," जेनेट स्वतः रडत म्हणाली, "आधीच खाली घोटाभर पाणी आहे."

मी तोंडाला एप्रन लावून देवडीत निघून आले. फरशीवर मेबलच्या पायांचा चिखल होता. तो मी त्या दिवशी पुसला नाही.

जेनेटला चालवत नव्हतं. मी तिला सोमवारपर्यंत माझ्याच स्वयंपाकघरात शेकोटीपाशी ठेवलं. सोमवारी न्यायालय भरलं तेव्हा ती माझ्या दंडाला धरून मागे उभी होती. मेबलला खोटं बोलता येत नाही. न्यायाधीशाने विचारलं, मंगळवारी तू इथे होतीस का, तर ती नाही म्हणणार, आणि आमचा ग्रंथ आटोपणार.

न्यायाधीशाने कागद वाचला. "मंगळवारी मॅजिस्ट्रेटपुढे शपथ नाकारली गेली. त्या उत्तरात तुला काही बदल करायचा आहे का? शेवटची संधी देतोय."

मेबलने मागे वळून जेनेटकडे पाहिलं. "मंगळवारी जे उत्तर दिलं गेलं ते माझं आहे," ती म्हणाली. "त्यातला एकही शब्द तुझ्यासाठी बदलायचा नाही."

"आपल्यासाठी म्हण!" कारकून ओरडला. सगळं न्यायालय हसलं आणि मीही श्वास सोडला. न्यायाधीशाने तिला राजाची मर्जी होईपर्यंत तुरुंगात ठेवलं.

राजाची मर्जी व्हायला आणखी चार वर्षं लागली. त्या चार दिवसांच्या पाण्याने जेनेटचे गुडघे गेले ते गेलेच. भरतीपुढे धावणं आता तिला जमणारं नव्हतं, म्हणजे वाळूही सुटली आणि शिंपल्याही. ती घरी बसून मोजे विणून पोट भरू लागली. मला वाटलं, आता येणं संपलं. पण ती जमिनीवरून, सगळी खाडी वळसा घालून येऊ लागली. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस, एका आड एक शनिवार. मी देवडीत तिच्यासाठी एक स्टूल ठेवलं. पाय पूस म्हणणं मी सोडलं नाही, पण आता पुसायला फडकं मीच द्यायची. मेबल त्या चारही हिवाळ्यांत मेली नाही. जेनेटने आणलेल्या लोकरीत तिने मरायचं म्हटलं असतं तरी जमलं नसतं.

माफी झाली तेव्हा मेबलला घेऊन जायला जेनेटच आली होती. दोघी तासभर देवडीत भांडत होत्या, जमिनीवरून जायचं की वाळूवरून. शेवटी वाळूवरून गेल्या. मेबलने तिला शिंपल्यांच्या हातगाडीत बसवलं आणि ओढत नेलं.

त्यानंतर सोळा वर्षांनी जेनेट गेली. रोलंड नव्हताच तेव्हा, मी एकटी तिच्या गावी गेले. मातीच्या आधी चर्चमध्ये प्रार्थना होती. मी आत शिरले आणि दारातच थबकले. तिसऱ्या बाकावर, खांबापाशी, जेनेटच्या जागेवर मेबल रिग बसली होती. सत्तरीची, तशीच काटकुळी, करड्या कपड्यांत. ज्या चर्चच्या दारात तिने तीस वर्षं पाऊल ठेवलं नव्हतं, ज्याला ती कधी चर्चही म्हणाली नव्हती, घंटाघर म्हणायची, तिथे ती पाद्र्याचं सगळं ऐकत होती. लोक कुजबुजत होते. तिचे स्वतःचे मित्र बाहेर कुंपणापाशी थांबले होते आणि त्यांच्यातल्या दोघांच्या कपाळाला आठ्या होत्या.

सगळं आटोपल्यावर मी तिला गाठलं. जुनी खोड, विचारल्याशिवाय राहवेना. "काय गं, मेबल, तुझे लोक आता तुला बोल लावणार नाहीत का?"

"लावतील," ती म्हणाली. "लावू दे. माझ्या जागेवर तिने आठ दिवस काढले. मला तिच्या जागेवर तासभर बसता येऊ नये?"

मग तिने पिशवीतून ओटची भाकरी काढली, मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली, आणि आम्ही दोघी कुंपणाच्या दगडावर बसून ती खाल्ली.